हॉल गरम झाला, म्हणजे बॅटरी भरली

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसलं, त्याच उन्हाळ्यात एका भर दुपारी लाइट गेली. तासभर लिफ्ट बंद. खाली घोळका जमला आणि सगळ्यांचा सवाल एकच, डोक्यावर एवढं ऊन तळपतंय, मग आपलं सोलर झोपलंय का? सेक्रेटरींनी निकालच दिला, कंपनीनं फसवलं.

कोणी फसवलं नव्हतं. ग्रिडला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलर ग्रिड गेली की मुद्दामच बंद पडतं. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्याच गच्चीवरून शॉक बसायचा. हे पटल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "मग बॅटरी लावू. पण बॅटरी भरल्यावर उरलेली वीज जाते कुठे?"

प्रश्न लाखमोलाचा. मला माहीत असलेलं त्याचं सर्वांत देखणं उत्तर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावर आहे.

बेटाचं नाव एग. अंड्याशी संबंध नाही. लांबी साधारण नऊ किलोमीटर, रुंदी पाच, वस्ती शंभरच्या आसपास. १९९७ साली रहिवाशांनी देणग्या गोळा करून, सोबत्यांची मदत घेऊन अख्खं बेट जमीनदाराकडून विकत घेतलं. वीज मात्र ज्याची त्याची, घरोघरी डिझेल जनरेटरची धडधड. आपल्या घारापुरीला २०१८ मध्ये समुद्राखालच्या केबलनं वीज पोचली, पण ते बेट मुंबईच्या दारात आहे. एगला केबल परवडणारी नव्हती. म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये लोकांनी स्वतःचीच छोटी ग्रिड सुरू केली. ओढ्यावरचं १०० किलोवॉटचं जलविद्युत जनित्र, आणखी दोन चिमुकली, सहा-सहा किलोवॉटच्या चार पवनचक्क्या, सोलर पॅनेल, बॅटऱ्या आणि अडीअडचणीला डिझेल. पावसाळी हिवाळ्यात ओढा आणि वारा जोरात, उन्हाळ्यात ओढा आटला की सोलर. घराला मर्यादा ५ किलोवॉटची, दुकान-धंद्याला १० ची. तिथली किटली ३ किलोवॉटपर्यंत खाते. वॉशिंग मशीन पाणी तापवत असताना कोणी चहा टाकला की फ्यूज उडायची वेळ येते, आणि मग वीज परत सुरू करायला माणूस येईपर्यंत थांबायचं.

आता माझा लाडका भाग.

घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो. ही त्याची फ्रीक्वेन्सी, ५० हर्ट्झ. मोठ्या ग्रिडमध्ये हा आकडा फिरणाऱ्या अजस्र जनित्रांकडून येतो. लोड वाढला की घाट चढणाऱ्या भरलेल्या एसटीसारखी जनित्रं जड होतात आणि ५० चे ४९.८ होतात. वीज जास्त आणि मागणी कमी झाली की उलट. म्हणजे मागणी-पुरवठ्याचा हा तराजू घरातल्या प्रत्येक प्लगमध्ये टांगलेला असतो. आपल्या पश्चिम विभागात २००२ पासून राज्यांनी वेळापत्रकाबाहेर ओढलेल्या विजेचा भावसुद्धा या आकड्यावरून ठरू लागला. फ्रीक्वेन्सी खाली, भाव वर.

एगवर गंमत वेगळी आहे. तिथे ठेका बॅटरीजवळचे इन्व्हर्टर धरतात, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची मागेपुढे होणारी वीज करणारी यंत्रं, आणि इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नसतं. त्यामुळे तिथे फ्रीक्वेन्सी ठरवता येते. बॅटरी भरत आली की इन्व्हर्टर ती हळूच ५० च्या वर सरकवतात. तबलजीनं लय चढवली की गायकाला वेगळं सांगावं लागत नाही, तसंच. सोलरचे इन्व्हर्टर ही चढलेली लय ओळखून आपलं उत्पादन आवरतात. दुसरीकडे काही हीटर याच इशाऱ्याची वाट पाहत असतात, ते सुरू होतात. वेगळी तार नाही, इंटरनेट नाही. जी तार वीज नेते तीच निरोपही नेते.

याच कल्पनेचा जुळा भाऊ म्हणजे 'ड्रूप'. अनेक इन्व्हर्टर समांतर जोडले असतील, तर प्रत्येकानं आपण देत असलेल्या शक्तीच्या प्रमाणात फ्रीक्वेन्सी किंचित उतरवायची. जो जास्त ओझं घेतो तो मागे पडतो, त्याचा फेज-कोन (म्हणजे त्याची लाट इतरांच्या किती पुढे-मागे आहे ते) घटतो, आणि त्याच्याकडून जाणारी शक्ती आपोआप कमी होऊन शेजाऱ्यांकडे सरकते. भार वाटला जातो आणि कोणी कोणाशी बोललेलं नसतं. (हे मला पहिल्या वाचनात कळलं नव्हतं, तेव्हा पुढे गेलात तरी चालेल.) एक किरकोळ तोटा सांगतो. मेन्सच्या ठेक्यावर चालणारी जुनी घड्याळं ५१ हर्ट्झला तासाला ७२ सेकंद पुढे पळतात.

ते हीटर आहेत कुठे? गावच्या हॉलमध्ये, दोन चर्चमध्ये आणि धक्क्यावरच्या इमारतीत. हिवाळ्यात वाऱ्या-पावसाच्या रात्री वीज उतू जाते, आणि ऊब लागते तीही तेव्हाच. शिवाय जाड भिंत हीसुद्धा एक साठवणच. दहा टन दगड १० अंशांनी तापवला तर त्यात साधारण २३ युनिट उष्णता मावते. ती वीज म्हणून परत मिळत नाही, हे खरं. पण सकाळी प्रार्थनेला आलेल्यांची हाडं गोठत नाहीत.

'शंभर टक्के हरित बेट' असे मेसेज फिरतात, त्यांचा मला कंटाळा येतो. एगची बहुतेक वीज पाणी, वारा आणि उन्हातून येते, पण कोरड्या, वारा पडलेल्या दिवसांत डिझेल लागतंच. आणि चुंबकावर चालणारे फुकट जनरेटर आणि प्लगला लावायच्या 'वीजबचत' डब्या पाठवणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे. ऊर्जा कुठून आली आणि कुठे गेली, एवढा हिशोब आधी मागा.

काकांना मी म्हटलं, आपल्याकडे हॉल तापवून कोण बसणार? कोकणच्या बंदरात उरलेल्या विजेचा बर्फ करता येईल. आपल्याला गच्चीवरची टाकी आहे. दुपारी सोलर जोरात असताना पंप चालवायचा, झालं. सध्या पंपाचा टायमर पहाटे पाचचा आहे. सेक्रेटरी तो बदलायला तयार नाहीत. म्हणतात, दुपारी भरलं तर पाणी गरम येईल.