विमानाचे पाय खाली येत नाहीत तेव्हा

गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीभोवती धानाच्या बांध्यांत रोवणी करणाऱ्यांना डोक्यावरून घिरट्या घालणाऱ्या शिकाऊ विमानांचे आता नवल उरलेले नाही. तरीही मान वर करून नीट पाहिल्यास एक फरक दिसतो. काही छोट्या विमानांची चाके उडतानाही खाली लोंबत असतात, तर काहींची उड्डाणानंतर काही क्षणांतच पोटात किंवा पंखांत नाहीशी होतात. एकइंजिनी डायमंड डीए-४० हे पहिल्या प्रकारचे विमान, तर त्याच घराण्यातले दोनइंजिनी डीए-४२ दुसऱ्या प्रकारचे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. म्हणून वेगवान विमानाला चाके आत घेणे परवडते. त्याची किंमत मात्र पंप, नळ्या, चाके जागेवर अडकवून धरणारी कुलपे आणि तारा यांच्या रूपाने मोजावी लागते, आणि यांपैकी काहीही बिघडू शकते.

मुळात चाकांचे काम नुसते धावण्याचे नाही, उतरतानाचा दणका पचवण्याचेही आहे. लाकडी बंडीत बसून शेताचा धुरा ओलांडलेल्या माणसाला स्प्रिंग नसण्याचा अर्थ मणक्यातून कळतो. विमान सेकंदाला २ मीटर वेगाने खाली येऊन टेकले, तर ते सुमारे २० सेंटिमीटर उंचीवरून सोडून दिल्यासारखेच असते, आणि ३ मीटर वेगाने टेकले तर ती उंची ४५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. हा दणका पोलादी पट्टीच्या लवचिकतेने किंवा तेल आणि दाबलेला वायू भरलेल्या नळकांड्याने पचवायचा असतो. त्यातले तेल एका बारीक छिद्रातून ढकलले जाते आणि दणक्याची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत वैमानिक वाकून या नळकांड्याची चकचकीत दांडी किती उघडी आहे ते पाहतो आणि जमिनीवर लालसर तेलाचा डाग नाही ना, याचीही खात्री करतो. तो डाग म्हणजे बहुधा हायड्रॉलिक तेलाची गळती.

आता खरी गंमत. अनेक छोट्या विमानांत चाके वर धरून ठेवण्याचे काम हायड्रॉलिक दाब, म्हणजे पंपाने आणलेला तेलाचा दाब करतो. पंप बंद पडला, वीज गेली किंवा तेल गळले, तर चाके वर राहण्याऐवजी स्वतःच्या वजनाने खाली येऊ पाहतात. वैमानिकाने आणीबाणीची कळ ओढली की उरलासुरला दाबही निघून जातो, चाके खाली झुलतात आणि स्प्रिंगच्या मदतीने कुलपात बसतात. एखादे अर्धवट अडकलेच, तर विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवून त्याला हिसका देण्याची पद्धत आहे. बिघाड झालाच तर तो सोयीच्या बाजूने व्हावा, इतका साधा विचार यामागे आहे, आणि मला तो एखाद्या अवघड इलेक्ट्रॉनिक युक्तीपेक्षा अधिक हुशारीचा वाटतो.

चाके कुलपात बसली हे वैमानिकाला तीन हिरव्या दिव्यांवरून कळते. दिवा लागला नाही म्हणजे चाक उतरले नाही, असे मात्र नेहमीच नसते. कधी बल्ब गेलेला असतो, तर कधी चाकाजवळचा छोटा स्विच चिखलाने अडलेला असतो. पायपर अ‍ॅरोसारख्या विमानात रात्रीचे दिवे सुरू राहिले की हे हिरवे दिवे मंद होतात आणि भर उन्हात विझल्यासारखे भासतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तर ते दिसणारच नाहीत. म्हणून शेजारचा चांगला बल्ब काढून तिथे लावून पाहणे, हा काही विमानांत पहिला उपाय असतो. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सच्या मोठ्या प्रवासी विमानात पुढच्या चाकाचा दिवा लागेना, तेव्हा सगळे कर्मचारी त्या एका बल्बच्या मागे लागले, विमान हळूहळू खाली येत असल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही आणि ते फ्लोरिडातल्या दलदलीत कोसळले. चाक खाली आलेले होते, फक्त बल्ब जळालेला होता.

आणि चाके खरोखरच आली नाहीत तर? समजा, १,१०० किलोचे विमान ताशी १०० किलोमीटर वेगाने पोटावर उतरले. त्याच्या पुढे जाण्याची ऊर्जा सव्वाचार लाख जूलच्या आसपास असते, तर सेकंदाला २ मीटर वेगाने खाली येण्याची अवघी २,२०० जूल. ही पहिली, प्रचंड ऊर्जा एका झटक्यात संपली तरच जीव जातो. डांबरावर घासत ती सुमारे शंभर मीटरांत आणि सात-आठ सेकंदांत संपली, तर पट्टे बांधलेला माणूस सहसा चालत बाहेर येतो. म्हणूनच सपाट, कोरडी, लांब धावपट्टी मिळेपर्यंत थांबणे आणि तोवर इंधन कमी होऊ देणे शहाणपणाचे ठरते. एकच पाय अडकला असेल, तर काम अधिक अवघड. त्या बाजूचा पंख शक्य तितका वेळ उचलून धरावा लागतो, आणि वेग ओसरून तो टेकला की विमान त्याच बाजूला गर्रकन वळते.

शेतात उतरण्याची वेळ आली तर हिशेब उलटा होऊ शकतो. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत किंवा चिखल केलेल्या बांधीत पुढचे चाक रुतले, तर विमान नाकावर उभे राहून उलटण्याची भीती असते. अशा ठिकाणी चाके आतच ठेवून उतरण्याचा सल्ला काही विमानांच्या पुस्तिकांत दिलेला असतो.

पोटावर उतरलेल्या विमानाचे पत्रे सरळ करता येतात, पण फिरता पंखा जमिनीला लागून अचानक थांबला असेल, तर बाहेरून धडधाकट दिसणारे इंजिनही पूर्ण खोलावे लागते, कारण तडा गेलाच असेल तर तो आतल्या दांड्याला जातो आणि वाकलेल्या पात्यांकडे पाहून तो कळत नाही.