तिळाचं तेल आणि तिळाचं तेल: तैपेईच्या क्लासमधली चव घरी का उतरत नाही

तैपेईला फिरायला गेलेली मंडळी हल्ली अर्ध्या दिवसाचा कुकिंग क्लास हमखास करून येतात. सकाळी बाजारात एक चक्कर, मग ॲप्रन बांधून दोन-तीन तास शेगडीपुढे, आणि शेवटी आपणच केलेलं जेवण. परत आल्यावर त्यातला एक पदार्थ घरी करून बघायचा बेत ठरतो, बहुधा सानबेईजी, म्हणजे 'तीन कपांची कोंबडी'. मग तक्रारही ठरलेली: सगळं कागदावर होतं तसंच घातलं, तरी ती चव नाही. कुणी सोया सॉस बदलतं, कुणी कोंबडीला नावं ठेवतं. दोष बहुतेक वेळा एकाच ओळीत असतो. क्लासच्या कागदावर 'सेसमी ऑइल' छापलेलं असतं आणि घरी आपण लाकडी घाण्याचं तिळाचं तेल ओततो.

"दोन्ही तिळाचीच ना?" हो. भाजलेल्या दाण्यांचं कूट आणि कच्च्या दाण्यांचं कूट हीसुद्धा दोन्ही शेंगदाण्याचीच. कच्च्या दाण्यांचं कूट घालून कोशिंबीर करून बघा, बाकी समजावण्याची गरज उरणार नाही.

आपलं तेल सगळ्यांना माहीत आहे. कच्चे तीळ घाण्यात घालून काढलेलं, फिकट पिवळं, वासाला सौम्य. दिवाळीच्या अभ्यंगाला, समईला, लोणच्याला, दक्षिणेत रोजच्या स्वयंपाकाला. उत्तम तेल आहे, त्यात काही कमी नाही. फक्त हे काम त्याचं नाही.

तैवानमध्ये तीळ आधी भाजतात, चांगले दीडशे अंशांच्या वर, आणि मग पिळतात. सगळा फरक या एका पायरीत आहे, आणि ती पायरी पिळण्याच्या आधीच व्हावी लागते. इथेच हुशार माणसंही फसतात. त्यांना वाटतं, आपलं तेल कढईत जरा जास्त तापवलं की भाजका वास येईल. येत नाही. भाजल्याचा वास तयार होतो तो तिळातली प्रथिनं आणि साखर तापून एकमेकांशी जुळतात तेव्हा. पावाच्या कवचाला किंवा भाजलेल्या कॉफीला येतो तो वास याच जातीचा. तीळ कच्चे पिळले की ही प्रथिनं आणि साखर पेंडीत राहतात आणि तेलात जवळजवळ काहीच उतरत नाही. मग ते तेल धुरापर्यंत तापवा की तासभर मंद आचेवर ठेवा, भाजायला त्यात काही नाहीच. उलट भाजलेले तीळ पिळले की तो सगळा वास तेलात विरघळून बाहेर येतो. भाजल्यामुळे तिळातल्या एका घटकापासून सेसमॉल तयार होतं आणि ते तेलाला खवट होण्यापासून सांभाळतं. म्हणूनच हे तेल कपाटात बरेच महिने टिकतं. प्रकाशापासून मात्र दूर ठेवावं.

आता रंगाचा घोळ. तैवानी स्वयंपाकात 'मायोऊ' म्हटलं की बहुधा काळ्या तिळाचं तेल समजतात. नेमकं सांगायचं तर 'हेइ मायोऊ', हेइ म्हणजे काळं. तेल गडद तपकिरी असतं, पण हा रंग तिळाच्या सालीचा नाही, भाजण्याचा आहे. कच्चे काळे तीळ पिळले तर तेल फिकटच निघतं. तेव्हा 'काळ्या तिळाचं कोल्ड प्रेस्ड तेल' अशी महागडी बाटली दिसली की खूश होऊ नका, ती या कामाची नाही. आणि काळे तीळ म्हणजे कारळे नव्हेत, हे दर वेळी सांगावं लागतं. कारळे म्हणजे खुरासणी, वनस्पतीच वेगळी. तिची चटणी भाकरीबरोबर जगात भारी, पण तिच्या तेलात सानबेईजी करायला जाऊ नये.

पुढचा घोळ तैवानमधलाच. तिथे भाजक्या तिळाची दोन तेलं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. एक हेइ मायोऊ, दुसरं 'श्यांगयोऊ', म्हणजे सुवासिक तेल. हे पांढऱ्या तिळाचं असतं, वासाला हलकं, आणि बरेचदा त्यात सोयाबीनचं तेल मिसळलेलं असतं. श्यांगयोऊ गॅस बंद केल्यावर वरून घालतात: सूपवर अर्धा चमचा, काकडीच्या थंड कोशिंबिरीवर थोडं, डम्पलिंगच्या सारणात एक चमचा. हेइ मायोऊ मात्र सुरुवातीलाच भांड्यात जातं आणि त्यात आलं परततात. इंटरनेटवर जिकडेतिकडे एकच नियम वाचायला मिळतो, 'टोस्टेड सेसमी ऑइल कधीही शिजवू नका, शेवटी घाला'. श्यांगयोऊपुरता तो ठीक आहे. हेइ मायोऊला लावला की सानबेईजीचा पायाच निघून जातो, कारण आल्याचा तिखटपणा आणि तिळाचा वास सुरुवातीलाच एकमेकांत मुरायला हवेत.

हे परतणं आपल्या हाताला सोपं नाही, कारण आपला हात फोडणीचा. तेल कडकडीत तापलं की मोहरी, ती तडतडली की पुढचं. हेइ मायोऊ असं तापवलं की कडू होतं, आणि हा कडवटपणा नंतर साखरेने, सोयाने, कशानेही झाकत नाही. आधीच खमंग भाजलेला खोबऱ्याचा कीस पुन्हा मोठ्या आचेवर टाकल्यासारखं ते आहे. भाजण्याचं काम पूर्वीच झालंय, पुढे फक्त जळणं उरतं.

म्हणून कृती अशी. भांडं थंड, तेल थंड, आलंही थंडच. आलं जून हवं, रेषा सुटलेलं. कोवळ्या आल्यात पाणी जास्त आणि तिखटपणा कमी. साल काढू नका, नुसतं घासून धुवा आणि साधारण २ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. हे सगळं एकत्र मंद आचेवर ठेवा. आल्यातलं पाणी बाहेर पडत असतं तोवर तेल फार तापत नाही. आलं हाच इथला ब्रेक. सहा ते आठ मिनिटांत चकत्यांच्या कडा मुडपतात, त्या वाळक्या पानासारख्या होतात आणि बुडबुडे मंदावतात. बुडबुडे मंदावले म्हणजे पाणी संपलं, ब्रेक सुटला. त्याच क्षणी लसूण आणि सुकी मिरची घाला, लसणीला जरा रंग आला की कोंबडी, आणि आच तेव्हा वाढवा. कोंबडीला पाणी सुटतं, तेल पुन्हा सुरक्षित. दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तर आलं काळं आणि तेल कडू. अशा वेळी सरळ ओतून द्या आणि नव्याने सुरू करा. ४५ मिलिलिटर तेलाची काटकसर करून ६०० ग्रॅम कोंबडी वाया घालवण्यात अर्थ नाही. तैवानमधलेही बरेच स्वयंपाकी धोका टाळायला सुरुवातीला निम्मं साधं तेल वापरतात आणि उरलेलं मायोऊ शेवटी सोडतात. शिकताना हे जरूर करा.

प्रमाण एकदा लिहून ठेवा. हाडासकट मांडीचे तुकडे ६०० ग्रॅम. तैवानच्या बाजारात वजन 'च्चिन'मध्ये सांगतात आणि तिथला एक च्चिन बरोबर ६०० ग्रॅमचा, चीनमधला ५०० ग्रॅमचा. कागदावर नुसतं 'एक च्चिन' असेल तर आता कळेल. हेइ मायोऊ ३ टेबलस्पून, आलं ५० ग्रॅम, अख्ख्या लसूण पाकळ्या १० ते १२, सुक्या मिरच्या २, सोया सॉस ३ टेबलस्पून, तांदळाची दारू ६ टेबलस्पून, खडीसाखर १ टेबलस्पून. कोंबडी परतून कडा तांबूस झाल्या की साखर, सोया, दारू घाला, झाकण ठेवून १० ते १२ मिनिटं शिजवा, मग झाकण काढून रस आटवा. रस तुकड्यांना चिकटून भांड्याच्या तळाशी फक्त तेल चुरचुरत राहिलं की झालं. नावाला भुलून तेल, सोया आणि दारू या तिन्ही गोष्टी कप-कप मोजाल तर कोंबडी पोहायला लागेल. पातळ रस्सा उरला असेल तर ती सानबेईजी नव्हे, कुणी काहीही म्हणो.

शाकाहारी लोकांसाठी हीच कृती किंग ऑयस्टर मश्रूमची होते आणि तैवानमध्ये तीही सर्रास मिळते. मश्रूमचे जाड तुकडे आधी कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परतावे, नाहीतर सगळं पाणीदार होतं. क्लासला आधी कळवताना 'सू' म्हणालात तर तिथला कडक शाकाहार समजतात आणि कांदा-लसूणही गाळतात. लसूण चालत असेल तर तसं वेगळं सांगा. कंदमुळं वर्ज्य असतील तर हा पदार्थ सोडा. आलं काढलं की मागे काही राहत नाही.

बाकीच्या गोंधळांना एकेक ओळ पुरे. 'मीज्योऊ' ही तांदळाची दारू आहे, तांदळाचं व्हिनेगर नव्हे. लाल लेबलची नेहमीची बाटली ०.६ लिटरची असते आणि दारूचं प्रमाण १९.५ टक्के. 'च्यांगयोऊ'मधल्या योऊचा अर्थ तेल असला तरी तो सोया सॉस आहे, त्यात तेल नाही. आपल्याकडचा डार्क सोया घालणार असाल तर निम्माच घाला.

पाल्याबद्दल मात्र दोन ओळी जास्त, कारण इथे भावना आड येतात. शेवटी जो पाला दोन मुठी घालतात त्याला 'ज्योऊत्सेंगथा' म्हणतात, म्हणजे नऊ मजली पॅगोडा. मंजिरीचे थर एकावर एक रचलेले दिसतात म्हणून. मंजिरी म्हटली की आपण अंगणातल्या तुळशीकडे वळतो. तुळस नको. ती या पदार्थात लवंगेसारखी तीव्र होते आणि तिळाचा वास दाबून टाकते. ज्योऊत्सेंगथा ही आपल्या सब्ज्याच्याच जातीची वनस्पती. फालुद्याचा सब्जा कुंडीत पेरलात तर सव्वा-दीड महिन्यात पानं मिळतात, नाहीतर बाजारातला थाई बेसिल घ्या. पानं घातली की झाकण ठेवा, गॅस बंद, अर्धा मिनिट थांबा. उघड्या भांड्यात परतत बसलात तर ती काळी पडतात.

क्लासमध्ये हा गोंधळ का सुटत नाही, त्याचं कारण साधं आहे. सगळं साहित्य आधीच मोजून छोट्या वाट्यांत मांडलेलं असतं. तुम्ही वाटी उचलता आणि ओतता. बाटली कधी दिसतच नाही. तेव्हा सुरुवातीलाच बाटल्या मागून घ्या. मायोऊ आणि श्यांगयोऊ दोन्हींचा वास शेजारी शेजारी घ्या, जिभेवर एकेक थेंब ठेवा, लेबलांचे फोटो काढा. बाजारात फोटो दाखवला की दुकानदार बरोबर बाटली काढून देतो. घेताना शंभर टक्के शुद्ध आहे का ते विचारा, कारण मिश्र तेलं स्वस्त मिळतात आणि मंद आचेवर त्यांचा फोलपणा लगेच उघडा पडतो. युनलिन जिल्ह्यातलं पेइकांग गाव या तेलासाठी प्रसिद्ध आहे. त्या बाजूला जाणार असाल तर तिथूनच घ्या. आलं परतताना शिक्षक नुसतं 'मंद आच' म्हणून पुढे जातात; त्यांना चकती कशी दिसली की थांबायचं ते विचारा, आणि ती चकती उचलून, मोडून बघा.

बाटली केबिनच्या बॅगेत चालत नाही, १०० मिलिलिटरच्या वरचं सगळं सामानात. काचेची बाटली दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून कपड्यांच्या मधोमध ठेवा. गळली तर त्या कपड्यांना पुढच्या दिवाळीपर्यंत तिळाचा वास येईल.

बाटली संपली तर? शहरांतल्या दुकानांत कोरियन भाजकं तेल मिळतं. ते पांढऱ्या तिळाचं, पण खोल भाजलेलं असतं. निम्मं साधं तेल आणि निम्मं हे, असं करून काम भागतं. घरी करायचंच असेल तर १०० ग्रॅम काळे तीळ धुऊन, पूर्ण वाळवून, मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं भाजा. काळ्या तिळाचा रंग बदललेला दिसत नाही, म्हणून त्यात चमचाभर पांढरे तीळ टाका. ते गडद बदामी झाले की सगळे झाले. जाडसर कुटून २०० मिलिलिटर कोमट तिळाच्या तेलात रात्रभर ठेवा आणि सकाळी मलमलीतून घट्ट पिळून घ्या. घाण्यातून निघालेल्या मायोऊची धार याला नाही, आणि गाळ राहिला तर परतताना तोच आधी जळतो, म्हणून दुसऱ्यांदा गाळा.