फुगा सोपा होता, तो कधी फुगवायचा हे अवघड होतं

मागच्या महिन्यात माझ्या गाडीची एअरबॅगची लाईट लागली आणि हॉर्नही बंद पडला, मला वाटलं फ्यूज गेला असेल. गॅरेजवाल्याने बॅटरीची वायर काढली आणि सरळ टपरीवर चहाला निघाला, म्हणाला दहा मिनिटं थांबा साहेब, एअरबॅग कधी उडवायची ते ठरवणाऱ्या कंट्रोल डब्यात कपॅसिटर असतो, बॅटरी नसली तरी बॅग उडवण्याएवढा करंट धरून ठेवतो. निघाली क्लॉक स्प्रिंग खराब, म्हणजे स्टिअरिंगच्या आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी वायर, चाक कितीही फिरवा, हॉर्न आणि एअरबॅगचं कनेक्शन तीच सांभाळते. तेव्हापासून हे सगळं आलं कुठून ते वाचत बसलोय.

सुरुवात १९५२ ची, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात. जॉन हेट्रिक नावाचा इंजिनिअर बायको-मुलीला घेऊन रविवारचा फिरायला निघालेला, समोर अचानक दगड आला, त्याने गाडी वळवून कचकन ब्रेक मारला आणि दोघांचेही हात आपोआप मधे बसलेल्या मुलीपुढे गेले. घरी येऊन त्याने हातांऐवजी फुगा असा विचार करून चित्र काढलं, १९५३ ला पेटंट मिळालं. त्याच सुमारास जर्मनीत वॉल्टर लिंडररनेही अशीच कल्पना मांडली होती. पैसा दोघांपैकी कुणालाच नाही मिळाला, कारण दोघांकडे पिशवी आणि दाबलेली हवा होती, पण ती सोडायची नेमकी कधी हे सांगणारं भरवशाचं काही नव्हतं. आणि वेळ किती, तर धडकेपासून बॅग पूर्ण फुगेपर्यंत ५० मिलिसेकंदांच्या आतबाहेर, म्हणजे पापणी लवायच्याही आत. दाबलेली हवा तेवढ्यात भरतच नाही.

धडक ओळखणाऱ्या सेन्सरचं कोडं सोडवलं अमेरिकन इंजिनिअर अ‍ॅलन ब्रीडने, १९६० च्या दशकाच्या शेवटी. गोष्ट इतकी साधी की हसू येतं. एका नळीत स्टीलची गोळी, मागून लोहचुंबकाने धरलेली. गाडी खड्ड्यात आपटली तर गोळी जागची हलत नाही, पण गाडी खरंच धडकली तर चुंबकापासून सुटून पुढे जाते, दोन टोकांना टेकते आणि सर्किट पूर्ण. हवेचा प्रश्न मग फटाक्यासारख्या स्फोटक दारूने सोडवला, सोडियम अझाइडच्या गोळ्या पेटवायच्या आणि निघणाऱ्या नायट्रोजनने बॅग भरायची. म्हणजे आपण छातीसमोर एक छोटा सुतळी बॉम्ब घेऊन फिरतो.

जनरल मोटर्सने १९७३ मध्ये ओल्ड्समोबाइल टोरोनाडोत एअरबॅग दिली, पुढच्या दोन-तीन वर्षांत अशा साधारण १०,००० गाड्या खपल्या आणि प्रकरण गुंडाळलं. तेव्हा अमेरिकेत डोक्यात हे होतं की लोक बेल्ट लावत नाहीत ना, मग बेल्टऐवजी एअरबॅग. माझ्या मते सगळा घोळ इथेच झाला. मर्सिडीजने १९८१ च्या एस-क्लासमध्ये उलटं केलं, बेल्ट आधी आवळायचा आणि एअरबॅग त्याच्या जोडीला, एअरबॅगवर लिहिलेल्या एसआरएस (सप्लिमेंटल रिस्ट्रेंट सिस्टम) मधल्या पहिल्या एस चा अर्थ तोच, पूरक. बेल्ट नसेल तर माणूस आधीच पुढे झेपावलेला असतो आणि ताशी ३०० किमीच्या आसपास वेगाने येणारी बॅग त्याच्या तोंडावरच फुटते. अमेरिकेत १९९० ते २००८ मध्ये कमी वेगाच्या धडकांमध्ये बॅगमुळेच २९० च्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलं बरीच.

त्या मृत्यूंनंतर त्या कंट्रोल डब्याला अक्कल द्यावी लागली. गोळी जाऊन सिलिकॉनची चिप आली, धडकेचा झटका किती आणि किती वेळ हे मोजून ठरवायला लागली, सीटवर कोण बसलंय, बेल्ट लावलाय का, आधी बेल्ट आवळायचा की बॅगही उडवायची. हा डबा बहुतेक गाड्यांत गिअरच्या खाली, मधोमध बोल्टने घट्ट बसवलेला असतो, आणि सीटखाली जे पिवळे कनेक्टर दिसतात ते याचेच, उगाच ओढू नका. एकदा बॅग उडाली की क्रॅश डेटा त्यात लॉक होतो.

दारूचं दुखणं मात्र राहिलंच. एअरबॅग बनवणाऱ्या जपानच्या ताकाता कंपनीने अमोनियम नायट्रेट वापरलं, ते दमट गरम हवेत वर्षानुवर्षं खराब होतं आणि मग इन्फ्लेटर, म्हणजे बॅग फुगवणारं नळकांडंच, फुटून लोखंडाचे तुकडे उडतात. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, २०१७ ला कंपनी दिवाळखोर.

आपल्याकडे २०१४ ला गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच भारतीय गाड्या आपटल्या आणि पाचही शून्य स्टार, तेव्हा कुठे चर्चा सुरू झाली. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची व्हायला १ जुलै २०१९ उजाडलं, शेजारच्या सीटची २०२१ ला, सहा एअरबॅगची सक्ती ठरता ठरता बारगळली. आपली स्वतःची तशीच चाचणी, भारत एनकॅप, २०२३ पासून. आणि पुढच्या त्या चकचकीत बंपर गार्डवर डिसेंबर २०१७ मध्ये बंदी आली, एक कारण हेच की धडकेचा झटका सेन्सरपर्यंत जसा पोचायला हवा तसा पोचत नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अजून दोन गाड्यांना आहे, एकीला तर त्यावर लिंबू-मिरचीही बांधलेली.