पेडल कुणाच्या पायाच्या मापाचं?

फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या तांत्रिक तपासणीत 'पर्सी' नावाचा एक गडी गाडीत बसवून बघतात. गडी चपटा असतो, चक्क कापून काढलेला साचा. कमरेच्या जागी २०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ, खांद्याच्या जागी तसंच दुसरं आणि हेल्मेटसकट डोक्यासाठी ३०० मिलिमीटरचं तिसरं. शंभरातल्या पंच्याण्णव पुरुषांहून मोठ्या चणीच्या माणसाचं हे माप. पर्सी नीट बसला नाही तर गाडी ट्रॅकवर जात नाही, मग संघात सगळ्या मुलीच असल्या आणि त्यातली सर्वांत उंच साडेपाच फुटांची असली तरी!

विद्यार्थ्यांनीच एकआसनी रेसिंग गाडी बनवायची आणि पळवायची, ही स्पर्धा १९८१ साली अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुरू झाली. आपल्याकडे तिचा अवतार म्हणजे कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणारी फॉर्म्युला भारत. मूळ अमेरिकी नियमांत आणखी एक अपेक्षा होती: गाडी अगदी लहान चणीच्या बाईलाही चालवता आली पाहिजे. म्हणजे एका टोकाला जेमतेम दीडशे सेंटिमीटर उंची, दुसऱ्या टोकाला १८७च्या आसपास. मला या स्पर्धेतलं सगळ्यात अवघड काम इंजिनाचं वाटत नाही, हे वाटतं.

ब्रेकचंच घ्या. तपासणीत गाडी वेगात आणून चारही चाकं एकदम लॉक करून दाखवावी लागतात. घरच्या मोटारीत पायाच्या मदतीला व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे हवेच्या दाबाने पायाचा जोर वाढवणारा डबा, असतो, या गाड्यांत सहसा नसतो. चाकं लॉक झाली नाहीत की बघ्यांचं ठरलेलं असतं: पोरीचा पाय कमी पडला. खरं तर कमी पडलेला असतो तरफेचा हिशेब. पेडलची तरफ ४:१ असेल, तर पायाने लावलेला ५०० न्यूटनचा जोर मास्टर सिलिंडरपाशी, म्हणजे ब्रेक ऑइल दाबणाऱ्या नळकांड्यापाशी, २००० होतो. तरफ ५:१ केली की तेच काम ४०० न्यूटनमध्ये होतं. मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटरवरून १६वर आणला, तर ब्रेक ऑइलचा तोच दाब मिळवायला आणखी तीसेक टक्के कमी जोर पुरतो.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. जोर वाचला त्या प्रमाणात पेडलचा प्रवास वाढतो. मग पेडल ज्या ब्रॅकेटवर बसवलंय तो जरा जरी वाकला, तरी तो प्रवास तिथेच वाया जातो आणि पाय स्पंजवर ठेवल्यासारखा वाटतो. म्हणून ब्रॅकेट कडक हवा, आणि कडक म्हणजे बहुधा जड. शिवाय पेडलने २००० न्यूटनचा जोर न मोडता सोसला पाहिजे, असा नियमच आहे. घाबरलेला माणूस ब्रेकवर अक्षरशः उभा राहतो, त्यासाठी.

आता या सगळ्या प्रकरणाला पुढेमागे सरकवता आलं पाहिजे. सुमारे २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्स शर्यतीत अर्ध्यावर चालक बदलतो आणि त्यासाठी मिळतात तीन मिनिटं. त्यात बेल्ट सोडायचे, उतरायचं, दुसरीने बसायचं, पेडल तिच्या पायाशी आणायचं आणि बेल्ट पुन्हा आवळायचे. हेल्मेट आणि मागच्या उशीतलं अंतरही दोघींसाठी नियमात बसलं पाहिजे.

लहान चण इथे फायद्याचीही ठरते. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचं ईटीएच हे तंत्रविद्यापीठ आणि ल्युसर्नचं विद्यापीठ यांच्या विद्यार्थ्यांची 'मायथन' ही विजेवरची गाडी ०.९५६ सेकंदात शून्यावरून ताशी १०० किलोमीटरवर गेली. अंतर कापलं अवघं १२.३ मीटर. त्वरण सरासरीने गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ तिप्पट! टायरची पकड एकटी एवढं देऊ शकत नाही आणि सुरुवातीच्या वेगात वाऱ्याच्या जोरावर गाडी खाली दाबणारे पंखही कुचकामी, म्हणून गाडीच्या पोटाखालची हवा शोषून तिला जमिनीला चिकटवलं होतं. स्टिअरिंगवर होती केट मॅगेटी. गाडीच जेमतेम १४० किलोची, तेव्हा चालकाचा एकेक किलो मोजावाच लागतो.

स्टिअरिंगची गंमत तर याहून न्यारी आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीत पॉवर स्टिअरिंग असतं. खालच्या पायरीवरच्या फॉर्म्युला टूमध्ये ते नसतं. दंडाची खरी परीक्षा शिखराच्या एक पायरी अलीकडेच होते. मुलींना या खेळात ताकद पुरत नाही, असं सांगणारे हे सहसा सांगत नाहीत.