एका डोंगराची दोन दालने : नाशिकचे वनोद्यान आणि गारगोटी संग्रहालय

नाशिकच्या पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात, व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर अगदी छताखाली, उषवदाताचा लेख आहे. क्षत्रप राजा नहपानाचा हा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने केलेल्या दानांची ही नोंद. तीत गाई आहेत, गावे आहेत, नद्यांवर ठेवलेल्या फुकटच्या नावा आहेत, आणि नानंगोल गावातली नारळाची ३२ हजार झाडे आहेत. भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसोर), गोवर्धन आणि शोर्पारग (सोपारा) इथे धर्मशाळा बांधल्याचे सांगून लेख पुढे म्हणतो, की त्याने बागा, तळी आणि विहिरीही केल्या. यातले गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचे आपले गोवर्धन. ही लेणी ज्या त्रिरश्मी डोंगरात आहेत, त्याच्याच पायथ्याशी आज वनविकास महामंडळाचे नेहरू वनोद्यान आहे. रविवारी मुलांना घेऊन तिथे जाणाऱ्यांपैकी फार थोडे वर चढून हा लेख पाहतात, याची मला खंत वाटते. नाशिकच्या बागेचा इतिहास सांगायचा तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

झाडे जमवून त्यांचा अभ्यास करायचा, ही आजच्या अर्थाची शास्त्रीय बाग मात्र आपल्याकडे कंपनी सरकारच्या काळात आली. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये अशी बाग सुरू झाली. १८३८ पासून ती अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडे होती. औषधी वनस्पती लावणे हे त्याचे मुख्य काम; पण जंगल तुटले की ओढे आटतात, हे त्याने सरकारला लिहून कळवले आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. बागेतून जंगलाकडे गेलेला हा माणूस मला फार मोलाचा वाटतो. पुढे १८६२ मध्ये भायखळ्याची राणीची बाग लोकांसाठी उघडली आणि १८७२ मध्ये त्याच आवारात संग्रहालय उभे राहिले, आजचे भाऊ दाजी लाड संग्रहालय. बाग पाहायची आणि लगेच संग्रहालयात शिरायचे, ही सवय मुंबईला तिथून लागली. १८७३ मध्ये पुण्याला गणेशखिंडीची बाग आली.

मोगलांनी ज्या शहराला गुलशनाबाद म्हटले, त्या नाशिकला अशी शास्त्रीय बाग इंग्रजांच्या काळात मिळाली नाही. १८८३ मध्ये, म्हणजे मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली त्याच वर्षी, नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले. इथली झाडे कागदावर आली, बागेत नाही. बागेला चांगले रूप आले ते थेट २०१७ च्या सुमारास. टाटा ट्रस्टच्या मदतीने वनोद्यानाचे नूतनीकरण झाले, आणि संध्याकाळी झाडेच बोलू लागतात असा ध्वनी-प्रकाशाचा खेळ सुरू झाला.

आता ज्या दगडात ती लेणी कोरली, त्याच्याकडे वळू. हा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तयार झाला. लाव्हा निवताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि खडकात पोकळ्या उरल्या. पुढे लाखो वर्षे त्यांतून खनिजे विरघळलेले पाणी झिरपत राहिले, आणि पोकळीच्या आतल्या भिंतीवर स्फटिक वाढले. स्टिल्बाइट दिसतो फिकट गुलाबी-नारिंगी, मधोमध बांधलेल्या पेंढीसारखा. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया एका बिंदूतून चहूकडे पसरतात. अपोफिलाइटला हिरवा रंग येतो तो त्यातल्या किंचित व्हॅनेडियममुळे. भोर घाटात रेल्वेचे बोगदे खणताना अशी खनिजे निघाली आणि परदेशी संग्रहालयांत पोचली. पांडवलेण्याच्या परिसरातल्या दगडखाणींचे नावही जगभरच्या खनिज संग्राहकांना ठाऊक आहे. खाणवाल्याला मात्र खडी हवी असते, त्यामुळे असे किती दगड क्रशरमध्ये गेले असतील याचा हिशेब लागणार नाही.

म्हणूनच सिन्नरजवळ माळेगाव औद्योगिक वसाहतीतले गारगोटी संग्रहालय महत्त्वाचे. नौदलातून निवृत्त झालेल्या के. सी. पांडे यांनी वर्षानुवर्षे खाणी आणि विहिरींवर फिरून जमवलेली खनिजे २००१ पासून तिथे लोकांना पाहायला मिळतात. नाशिकला निसर्गेतिहासाचे संग्रहालय कुठे आहे असे कुणी विचारले, तर मी सिन्नरचा रस्ता दाखवतो. सकाळी पांडवलेणी आणि वनोद्यान, दुपारी सिन्नर, असा एक दिवस काढावा. शाळांच्या सहलींनी तर नक्कीच. लेण्याच्या भिंतीला हात लावून आलेल्या मुलाला काचेमागचा स्फटिक परका वाटत नाही.

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर, याच बेसाल्टच्या कातळावरच्या पातळ मातीत, कंदीलपुष्पे उगवतात. सेरोपेजिया अंजनेरिका ही त्यांतली जात २००६ मध्ये शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली आणि तिला या डोंगराचेच नाव मिळाले. पावसाळ्यात जमिनीतल्या कंदातून ती वर येते. कंदीलपुष्पांची रचना विलक्षण असते. खाली फुगीर, वर नळी, आणि नळीत आतल्या बाजूला वळलेले केस. वासाने आलेली बारीक माशी आत शिरते, पण केसांमुळे तिला परत फिरता येत नाही. केस कोमेजले की ती सुटते आणि जाताना पराग घेऊन जाते. २०१७ मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले, ते अशाच वनस्पतींसाठी आणि तिथल्या गिधाडांसाठी.

वनोद्यानाने ठळक जागा द्यावी ती या स्थानिक जातींना, असे माझे स्पष्ट मत आहे. शोभेची विदेशी झाडे कुठल्याही शहरात दिसतात. अंजनेरीचे कंद उपटून आणायची गरज नाही. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेली रोपे, शेजारी कातळाचा एक तुकडा आणि मराठीत चार ओळींची पाटी, एवढे झाले तरी ऑगस्टमध्ये तिथे रांग लागेल.