विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही

‘त्याला आत्महत्येबद्दल काही विचारू नका, नसतं खूळ डोक्यात शिरेल’ हा सल्ला घरोघरी दिला जातो, तोही काळजीपोटी. पण तो चुकीचा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका गटाला आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं होतं. त्या मुलांचा त्रास इतरांपेक्षा वाढला नाही. आधीच नैराश्यात असलेली मुलं तर, न विचारलेल्या तशाच मुलांच्या तुलनेत, कमी अस्वस्थ दिसली.

ऑस्ट्रेलियात २००० साली सुरू झालेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात सामान्य माणसांना हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायला शिकवतात. ‘तसलं काही मनात नाही ना?’ असं विचारलं की समोरचा ‘नाही’च म्हणणार, आणखी काय! ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. मग गप्प बसून ऐकावं. उपदेश, ‘आईबापाचा विचार कर’ वगैरे नको. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नये, घरातलं कीटकनाशक दुसरीकडे हलवावं, डॉक्टर गाठावा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो.

हे काम फक्त डॉक्टरांचं, हाही गैरसमजच. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ उपक्रमात गावकऱ्यांनाच ऐकून घेण्याचं आणि गरज पडल्यास पुढे पाठवण्याचं शिक्षण दिलं गेलं. त्यांतल्या काहींना साधं समुपदेशन करायलाही शिकवलं होतं.