सहा इंच ही उंची झाली, स्केल नव्हे

‘सहा इंच स्केलची फिगर’ असं वाचलं की माझा हात आपसूक कपाळाला जातो. परीक्षणांत तेच, विक्रीच्या वर्णनांत तेच, आणि वर्षानुवर्षं जपानी फिगर (कार्टून, मालिका, गेममधल्या पात्रांच्या छोट्या प्रतिकृती) जमवणारेही आता बिनदिक्कत तसंच लिहितात. सहा इंच ही उंची. स्केल म्हणजे प्रमाण. शाळेत नकाशाच्या कोपऱ्यात ‘१ सेंमी = १० किमी’ असं छापलेलं असायचं, ते प्रमाण. नकाशाचा कागद केवढा, हा प्रश्न वेगळा.

उंचीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. फिगर उभी करा, पट्टी लावा, आकडा वाचा. कंपनीने माप टाळूपर्यंत घेतलंय की केसांच्या किंवा शिंगांच्या टोकापर्यंत, एवढं मात्र बघून घ्या. उभ्या टोकदार केसांच्या पात्रांच्या ‘ड्रॅगन बॉल’वाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरा घोळ स्केलचा. १/१२ म्हणजे मूळ पात्राच्या बारा सेंटिमीटरला फिगरमध्ये एक सेंटिमीटर. बारा इंचांचा एक फूट, म्हणून हेच फुटाला इंच असंही सांगता येतं, आणि बाहुलीघरं बनवणारे ते फार आधीपासून तसंच सांगत आलेत. या हिशेबाने सहा फुटी माणूस बरोबर सहा इंचांचा होतो, म्हणजे १५.२४ सेंटिमीटरचा. सगळा गोंधळ इथून सुरू झाला. सहा फुटी माणसापुरते ‘१/१२’ आणि ‘सहा इंच’ एका ठिकाणी भेटतात. लोकांनी तेवढ्यावरून दोघांचं लग्नच लावून टाकलं.

आता सहा फुटी नसलेलं पात्र घ्या. हात्सुने मिकू या जपानी आभासी गायिकेची अधिकृत उंची १५८ सेंटिमीटर. १/१२ मध्ये ती १३.२ सेंटिमीटर भरते, सहा इंचांना तब्बल दोन सेंटिमीटर कमी. मग परीक्षण येतं: ‘फिगर लहान आलीय, स्केल चुकलंय.’ अहो, लहान आहे म्हणूनच तर बरोबर आहे! ती सहा इंचांची आली असती तर तुमच्या शेल्फवर सहा फूट उंचीची मिकू उभी राहिली असती. साप समजून भुई धोपटण्याचा हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता प्रतिक्रियाही देत नाही. नुसता १३.२ हा आकडा चिकटवतो आणि पुढे जातो.

दुसऱ्या टोकाला अल्ट्रामॅन, जपानी टीव्हीवरचा महाकाय नायक. बांदाई कंपनीच्या एस. एच. फिगुआर्ट्स या सांधे हलणाऱ्या फिगरच्या मालिकेत कामेन रायडर हा दुसरा टीव्ही-नायक आहे आणि अल्ट्रामॅनही आहे. दोघं साधारण पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, शेल्फवर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पण कामेन रायडर माणसाएवढा, आणि अल्ट्रामॅन कथेत ४० मीटर उंच. पंधरा सेंटिमीटरच्या अल्ट्रामॅनचं प्रमाण काढलं तर साधारण १/२६७ येतं. खरोखरचा १/१२ अल्ट्रामॅन बनवला तर तो ३.३ मीटरचा होईल, छत फोडून वर जाईल. एकाच मालिकेत, एकाच उंचीच्या पेट्यांत ही दोन प्रमाणं सुखाने नांदतात, कारण त्या मालिकेने प्रमाण पाळण्याचं वचन कधी दिलेलंच नाही. तिने जपलाय तो हातात बसणारा आकार. म्हणूनच ‘फिगुआर्ट्स म्हणजे १/१२’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं.

फिग्माचंही तेच. २००८ साली मॅक्स फॅक्टरीने सांधे हलणाऱ्या फिगरची ही मालिका सुरू केली. तिच्या अधिकृत वर्णनात स्वच्छ ‘नॉन-स्केल’ लिहिलेलं असतं आणि पुढे उंची मिलिमीटरमध्ये. वाचायला दोन सेकंद लागतात. तरीही परीक्षक वर मथळ्यात १/१२ ठोकून देतात.

थोडा दोष मात्र फिगरसोबत मांडायच्या छोट्या वस्तू बनवणाऱ्यांकडेही जातो, आणि इथे मला लोकांची थोडी कीव येते. हासेगावाचे शाळेचे बाक-खुर्च्यांचे किट किंवा टोमीटेकच्या लिटल आर्मरीतल्या बंदुका, यांवर १/१२ लिहिलेलं असतं आणि ते खरं असतं. फिग्मातली शाळकरी मुलगी त्या खुर्चीत झकास बसते, कारण माणसाएवढ्या पात्रांना फिग्माचा आकार १/१२ च्या जवळ जातो. जवळ. खुर्ची १/१२ आहे म्हणून तीत बसणारी प्रत्येक फिगर १/१२ होत नाही. त्याच खुर्चीत अल्ट्रामॅनही बसेल की.

ज्यांना प्रमाण पाळणं म्हणजे काय ते बघायचंय, त्यांनी गनप्लाकडे, म्हणजे ‘गंडम’ मालिकेतल्या महाकाय यंत्रमानवांच्या जोडायच्या प्लास्टिक किटकडे वळावं. आरएक्स-७८-२ गंडम हा त्यातला मुख्य यंत्रमानव १८ मीटरचा. १/१४४ मध्ये तो १२.५ सेंटिमीटर, १/१०० मध्ये १८. त्याच मालिकेतला साझाबी २३ मीटरचा, म्हणून १/१०० मध्ये तो २३ सेंटिमीटर भरतो आणि गंडमच्या शेजारी ठेवला की अंगावर आल्यासारखा वाटतो. पेटीही मोठी आणि किंमतही मोठी, पण ती त्या प्रमाणाची किंमत आहे. तिथे ‘साझाबी इतका मोठा का?’ असं कोणी विचारत नाही.

उलट दिशेचा घोळही होतो, तो न हलणाऱ्या स्केल फिगरबाबत. पेटीवर १/७ लिहिलंय, १६० सेंटिमीटरच्या पात्राला उभ्याने जवळपास २३ सेंटिमीटर यायला हवेत, आणि आत निघते चौदा-पंधरा सेंटिमीटरची. लगेच तक्रार. पण ती मांडी घालून बसलीय ना! बसलं म्हणून माणसाचं प्रमाण बदलत नाही. चेहरा आणि तळहात शेजारच्या उभ्या १/७ फिगरशी ताडून बघा. ते जुळले तर विषय संपला. नेंडोरॉइड नावाच्या बुटक्या फिगरच्या बाबतीत हा वाद घालूच नका. दहा सेंटिमीटरच्या त्या मोठ्या डोक्याच्या बाळांना प्रमाण नसतं आणि असायलाही नको.

मी परीक्षण लिहिताना आता तीनच गोष्टी देतो: टाळूपर्यंतची उंची, पात्राची अधिकृत उंची प्रसिद्ध असेल तर ती, आणि दोन्हींचा भागाकार. भागाकार ११.८ आला तर ११.८ लिहितो, बारा करून टाकत नाही. स्केल हा शब्द मी तेव्हाच वापरतो, जेव्हा तो पेटीवर छापलेला असतो. आणि फोटोत मापासाठी शेजारी दुसरी फिगर उभी करत नाही, पट्टी ठेवतो.

हा नियम करायला लागण्यामागे माझाच एक जुना फोटो आहे. कामेन रायडर आणि अल्ट्रामॅन शेजारी-शेजारी, मागे शाळेचे बाक, आणि खाली माझ्याच हातची ओळ: ‘दोन्ही १/१२’.